व्हियेच्नित्सा, सारायेव्होचे जुने नगरभवन : अठरा वर्षांचे काम

बॉस्नियाची राजधानी सारायेव्हो पाहायला आलेला माणूस बहुधा सर्वांत आधी बाश्चार्शियाच्या चौकात येतो. समोर दिसते ती लाकडी पाणपोई म्हणजे ‘सेबिल’. मूळ पाणपोई १७५३ सालची. आज तिच्याभोवती दिवसभर कबुतरे दाणे टिपत असतात. १५३१ मध्ये पूर्ण झालेली गाझी हुस्रेव-बेग मशीद, जुने सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स चर्च आणि कॅथलिक कॅथेड्रल ही सगळी इथून पायी काही मिनिटांवर आहेत.

मिल्यात्स्का नदीवरचा हा दगडी कमानींचा लॅटिन पूल. २८ जून १९१४ रोजी याच्याच टोकाशी ऑस्ट्रिया-हंगेरीचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांच्यावर गाव्ह्रिलो प्रिन्सिप याने गोळ्या झाडल्या. त्याआधी काही मिनिटे युवराजांचा सत्कार जिथे झाला होता, ते नगरभवन याच काठाने वर चालत गेले की लागते. तीच ही व्हियेच्नित्सा.

लाल-पिवळ्या आडव्या पट्ट्यांची आणि घोड्याच्या नालेसारख्या कमानींची ही इमारत ऑस्ट्रियन राजवटीत उभी राहिली, मात्र तिचे रूप कैरोतील जुन्या इस्लामी वास्तूंवरून घेतलेले आहे. कारेल पारझिक, अलेक्झांडर विटेक आणि चिरिल इवेकोविच या तीन वास्तुविशारदांचा हात तिला लागला. १८९२ मध्ये सुरू झालेली ही वास्तू १८९६ मध्ये खुली झाली. नदीपलीकडचे छोटे घर ‘इनात कुचा’, म्हणजे हट्टाचे घर. नगरभवनासाठी जागा सोडताना मालकाने ते विटा-विटांनी उचलून पलीकडे बांधून घेतले, असे इथले लोक आवर्जून सांगतात.

आत पाऊल टाकताच नजर आपोआप वर जाते. षट्कोनी दालन, त्यावर रंगीत काचांचे छत, आणि छताखाली मजल्यामजल्याने चढत गेलेल्या कमानी. या स्तंभाच्या माथ्याजवळ कॅमेरा नेला, तेव्हा नक्षीतली एकेक पाकळी सुटी दिसू लागली. आपण पाहतो आहोत ती बरीचशी नक्षी नव्याने घडवलेली आहे, हे समजल्यावर ती अधिकच निरखून पाहावीशी वाटते. ऑगस्ट १९९२ मध्ये तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत आतला भाग जवळपास सगळा गेला होता. १९९६ मध्ये ऑस्ट्रियाच्या मदतीने आधी खचलेला सांगाडा सावरण्यात आला. पुढे युरोपीय संघाचा निधी आला, आणि उरलेले तुकडे व जुनी छायाचित्रे समोर ठेवून भिंतींवरचे रंग आणि गिलाव्यातले नक्षीकाम टप्प्याटप्प्याने परत आणले गेले. जी इमारत बांधायला चार वर्षे पुरली, ती पुन्हा उभी करायला अठरा वर्षे लागली. ९ मे २०१४ रोजी तिची दारे पुन्हा उघडली. एवढा धीर धरणाऱ्या कारागिरांसाठी तरी या दालनात घटकाभर थांबायलाच हवे.

दाराशेजारच्या या फलकावर २५ आणि २६ ऑगस्ट १९९२ची रात्र कोरलेली आहे. १९४९ पासून इथे राष्ट्रीय ग्रंथालय होते. युद्धात शहराला वेढा घालून बसलेल्या बॉस्नियन सर्ब फौजांनी डोंगरांवरून केलेल्या तोफांच्या माऱ्यात ते पेटले, आणि फलकानुसार वीस लाखांहून अधिक ग्रंथ, नियतकालिके व कागदपत्रे जळाली. ग्रंथालय आता दुसरीकडे आहे.

फलक वाचून झाला की लोक पायऱ्या चढून त्या दालनात येतात, आणि मान वर करून रंगीत छताखाली उभे राहतात.