शेवटचा धोबी कधी दिसला?

मंडळी, पाहुणे पक्षी यायला लागले की ग्रुपवर नुसता धुमाकूळ असतो, पहिला धोबी (म्हणजे वॅगटेल पक्षी) कुणाला दिसला, पहिला फोटो कुणाचा, आणि वसंतात तेच पक्षी परत निघतात तेव्हा सगळे गप्प. मला आज त्यावरच बोलायचंय. आलेला पक्षी दिसतो हो, गेलेला कसा दिसणार? आजचा शेवटचा होता हे पुढे आठवडाभर तिथेच जाऊन, काही न दिसता परत आलात की मग कळतं, म्हणून "आज नाही दिसला" हेही लिहा, किती वाजता गेलात, किती वेळ थांबलात तेही लिहा. ईबर्ड ही पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट 2002 पासून चालू आहे, तिथे चेकलिस्ट, म्हणजे एका फेरीतल्या पक्ष्यांची यादी, टाकताना ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का असं विचारतात ना, ते याचसाठी. नुसतेच भारी भारी पक्षी टाकले तर बाकीचे नव्हते की लिहायचा कंटाळा केला, हे कसं कळणार?

आता पिवळा धोबीच घ्या. थंडीभर मळकट दिसतो, पण मार्च-एप्रिलात नराचं डोकं असं काही खुलतं की बघत राहावं, कुणाचं काळंभोर, कुणाचं राखाडी, कुणाच्या डोळ्यावर पांढरी भुवई, आणि उपजात त्यावरूनच ठरते (माद्यांचं मात्र अवघडच असतं, तिथे उगाच ताणू नका). गंमत म्हणजे ज्या उपजाती त्यातल्या त्यात दक्षिणेला वीण करतात त्या आधी निघतात आणि पार उत्तरेला जाणाऱ्या मागे थांबतात, कारण तिकडे अजून बर्फच असतो. म्हणजे एकाच थव्यात आज काळी डोकी जास्त आणि पंधरा दिवसांनी राखाडीच उरली, असं होऊ शकतं. नुसतं "धोबी, बरेच" लिहिलं की हे सगळं गेलं!

तारखांचा उपयोग काय असं बरेच जण विचारतात. पाइड फ्लायकॅचर हा छोटा पक्षी आफ्रिकेतून युरोपात जातो, निघायचं कधी हे तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, तिकडे वसंत लवकर आलाय हे त्याला आफ्रिकेत बसून कळायचा मार्गच नाही. नेदरलँड्समध्ये पिल्लांना भरवायच्या अळ्यांचा हंगाम आधी सरकला आणि पक्षी मात्र जुन्याच वेळेला पोचत राहिले, बोथ आणि व्हिसर या संशोधकांनी 2001 साली हे दाखवलं, आणि ते दाखवता आलं कारण कुणीतरी वर्षानुवर्षं न कंटाळता तारखा लिहून ठेवल्या होत्या.

तर या सीझनला एवढं कराच. एकच पाणवठा किंवा माळ धरा, जमेल तितक्या वेळा तिथेच जा, "एप्रिलच्या शेवटी" असं मोघम न लिहिता तारीख टाका, आकडा अंदाजे असला तरी चालेल. रात्री जोराचा पाऊस किंवा उलटा वारा असेल तर सकाळी लवकर निघा, प्रवासातले थवे अशा वेळी खाली उतरतात. आणि नवीन मंडळींनो, "धोबी, कुठला ते कळलं नाही" ही सुद्धा चांगली नोंद आहे, बिनधास्त पाठवा.