मधला लाइनबॅकर: शेझिअरनंतरचं पिट्सबर्ग

नमस्कार. आजचा विषय अमेरिकन फुटबॉलमधला, आणि त्यातही एकाच संघाच्या एकाच जागेचा आहे: पिट्सबर्ग स्टीलर्सचा बचाव आणि त्याच्या मधोमध उभा राहणारा लाइनबॅकर. ४ डिसेंबर २०१७ च्या रात्री सिनसिनाटीत रायन शेझिअर जखमी झाला, ही जागा रिकामी झाली आणि पुढची सात वर्षं संघ ती भरतच राहिला. माझं मत आधीच सांगून टाकतो. पिट्सबर्गला माणसं मिळाली नाहीत असं नाही. माणसं भरपूर मिळाली, चांगली मिळाली, एकासाठी तर घसघशीत किंमतही मोजली. पण ही जागा एका माणसाने भरते असं धरून खरेदी होत गेली, आणि ते गणित चुकीचं होतं.

आधी ही जागा म्हणजे काय ते पाहू. बचावाचे पुढचे तीन किंवा चार धिप्पाड खेळाडू रेषेवर वाकून उभे असतात. त्यांच्या मागे साधारण साडेचार-पाच यार्डांवर मधला लाइनबॅकर उभा राहतो. चार-तीनच्या रचनेत (रेषेवर चार, मागे तीन लाइनबॅकर) तो एकटा मधोमध असतो. पिट्सबर्गच्या तीन-चारच्या रचनेत आतले लाइनबॅकर दोन असतात. त्यांच्या भाषेत एक ‘बक’: अंगाने जाड, धाव (चेंडू हातात घेऊन पळणं) अडवणारा. दुसरा ‘मॅक’: चपळ, पासच्या (फेकलेल्या चेंडूच्या) मागे पळणारा. समोरच्या आक्रमणाच्या रेषेत मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्यापलीकडे टॅकल असतात. सेंटर आणि गार्डमधल्या फटीला ‘ए’ म्हणतात, गार्ड आणि टॅकलमधलीला ‘बी’, त्यापलीकडची ‘सी’. प्रत्येक डावात (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या एका चालीत) प्रत्येक फटीला एक मालक ठरलेला असतो. मालक चुकला की ती फट उघडी पडते. मग धावणाऱ्याला अडवायला मागे फक्त सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, उरतो, आणि तोवर दहा-बारा यार्ड गेलेले असतात.

नवखा प्रेक्षक चेंडूकडे बघतो. मधला लाइनबॅकर चेंडूकडे बघत नाही, निदान पहिल्या क्षणी तरी नाही. तो गार्डकडे बघतो. गार्ड डोकं खाली घालून सरळ अंगावर आला तर धाव. रेषा सोडून आडवा पळायला लागला तर तीही धावच, आणि बहुतेक वेळा तो जिकडे पळेल तिकडेच चेंडू जाणार. गार्ड ताठ उभा राहून मागे सरकला तर पास. एवढं वाचून पहिलं पाऊल टाकायला अर्धा-पाऊण सेकंद मिळतो. ते पहिलं पाऊलही जेमतेम अर्ध्या फुटाचं, जागच्या जागी टाकलेलं असावं लागतं. ते लांब पडलं आणि चुकीच्या दिशेला पडलं, तर परत फिरायला अवधी नसतो. पुढचा सामना बघताना चारपाच डाव चेंडू विसरून फक्त गार्ड बघा. खेळ वेगळाच दिसेल.

आता आक्रमण नेमकं याच वाचनाला फसवतं. प्ले-अ‍ॅक्शनमध्ये क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) धावणाऱ्याला चेंडू दिल्याचं सोंग करतो आणि गार्डही धावेसारखा अंगावर येतो. लाइनबॅकर दोन पावलं पुढे आला की त्याच्या मागची दहा-बारा यार्डांची जागा मोकळी होते आणि पास तिथेच पडतो. आरपीओ (रन-पास ऑप्शन, म्हणजे धाव की पास हे ऐनवेळी ठरवणं) त्याहून वाईट. तिथे सोंग नसतंच. गार्ड खरोखर धावेसाठी ब्लॉक करत असतो, म्हणजे बचावपटूला ढकलून वाट करत असतो, आणि क्वार्टरबॅक लाइनबॅकरचं पाऊल बघून मग ठरवतो: तो पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून तिरका पास, मागे राहिला तर धाव. म्हणजे वाचन बरोबर असलं तरी हार ठरलेलीच. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पासआधी लाइनमनला एकच यार्ड पुढे जायची मुभा आहे, कॉलेजमध्ये तीन. त्यामुळे कॉलेजातून आलेल्या पोराच्या डोळ्यांना व्यावसायिक मैदानावर वेगळी सवय लावावी लागते.

तिसरं काम बोलण्याचं. २००८ पासून बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो आणि हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका. बहुतेक संघांत हा ठिपका मधल्या लाइनबॅकरकडे असतो. प्रशिक्षक त्याच्या कानात डाव सांगतो, पण घड्याळावर १५ सेकंद उरले की रेडिओ बंद होतो. त्यानंतर आक्रमणाने रचना बदलली, एखादा खेळाडू इकडून तिकडे पळवला, तर उत्तर त्या एकट्याला द्यायचं असतं, आणि तेही प्रेक्षकांच्या गोंगाटात बाकी दहाजणांना ऐकू जाईल असं ओरडून. माझ्या मते या जागेचं सगळ्यात कमी लेखलं गेलेलं काम हेच. दरवर्षी माणूस बदलला की हेच आधी मोडतं. सेफ्टीला त्याच्या आवाजाची सवय नसते, खुणांचा अर्थ पक्का झालेला नसतो, आणि टीव्हीवर मात्र दिसतं की कुणीतरी रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) मोकळं सोडलं.

रायन शेझिअर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) १५ वा निवडला गेला, ओहायो स्टेटमधून. ड्राफ्टआधी कॉलेजच्या चाचणीत त्याने ४० यार्ड ४.३६ सेकंदांत काढले होते. सव्वादोनशे पौंडांच्या पुढच्या माणसाचा हा वेग विलक्षण आहे. त्या वेगाचा अर्थ एवढाच की त्याची चूक झाली तरी ती भरून निघायची. मैदान ५३ यार्ड रुंद असतं, म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ अडीच खेळपट्ट्या. शेझिअर एका टोकाचं सोंग खाऊनही दुसऱ्या टोकाला पोहोचायचा. त्यामुळे समन्वयकाने (बचावाच्या प्रशिक्षकाने) आखलेल्या बचावाचे बारीक दोष झाकले जायचे.

सिनसिनाटीच्या त्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये रिसीव्हर जॉश मेलोनला टॅकल करताना, म्हणजे पकडून पाडताना, त्याचं डोकं खाली गेलं आणि हेल्मेटचा माथा आदळला. मणक्याला इजा झाली, दोन दिवसांनी शस्त्रक्रिया. तो पुन्हा चालू लागला, पण खेळला नाही. २०२० मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. टॅकल शिकवताना ‘डोकं वर, नजर समोर’ हे का घोकून घेतात ते इथे कळतं. मान खाली गेली की मणक्याची नैसर्गिक वक्रता सरळ होते आणि धडकेचा सगळा दाब कण्यावर उभा येतो. पुढच्याच मार्चमध्ये लीगने डोकं खाली घालून धडक देण्याविरुद्ध नियम कडक केला.

नंतरच्या आठवड्यात शॉन स्पेन्सला बोलावून आणलं गेलं. बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध ३९-३८ असा विजय मिळाला, पण अ‍ॅलेक्स कॉलिन्स १२० यार्ड धावला. त्यापुढच्या आठवड्यात पेट्रियट्सच्या रॉब ग्रॉन्काउस्कीने ९ झेलांत १६८ यार्ड घेतले. आणि १४ जानेवारी २०१८ ला प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) जॅक्सनव्हिलने पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर ४५-४२ हरवलं. लेनर्ड फर्नेट १०९ यार्ड आणि तीन टचडाउन. चौथ्या क्वार्टरमध्ये एक टचडाउन फुलबॅक टॉमी बोहॅननने १४ यार्डांचा पास झेलून केला. फुलबॅकचं रोजचं काम लाइनबॅकरला धडक देण्याचं. तो धडकायला येतोय असं गृहीत धरलं आणि तो बाजूने निसटला, की त्याच्या मागे जाणारं कुणी नसतं.

या सामन्यावरून सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: शेझिअर नाही म्हणून हरलो. मला तो अर्धाच खरा वाटतो. याच फर्नेटने याच मैदानावर ८ ऑक्टोबर २०१७ ला १८१ यार्ड काढले होते, त्यात ९० यार्डांची एक धाव, आणि सामना पिट्सबर्ग ३०-९ हरलं होतं. तेव्हा शेझिअर मैदानावर होता. दुखणं आधीचं होतं, त्याच्या वेगाने ते झाकलेलं होतं. आणखी एक गोष्ट: जानेवारीच्या त्या सामन्यात जॅक्सनव्हिलच्या दोन लाइनबॅकरनीच सामना फिरवला. माइल्स जॅकने पिट्सबर्गचा पास मधेच पकडला, टेल्व्हिन स्मिथने सुटलेला चेंडू उचलून ५० यार्ड पळवत टचडाउन केला. जॅकचं नाव लक्षात ठेवा.

२०१८ मध्ये तोडगा निघाला वाटणीचा. पहिल्या डाउनला (पहिल्या प्रयत्नाला) धाव अडवणारा जॉन बोस्टिक, पासच्या वेळी दुसरा कुणी किंवा लाइनबॅकर काढून जादा सेफ्टी. कागदावर ठीक. पण मैदानावर कोण आहे हे बघूनच समोरचा क्वार्टरबॅक डाव बदलतो. आणि आक्रमणाने खेळाडू बदलले नाहीत तर पंच बचावासाठी थांबत नाहीत. घाईने स्नॅप घेतला (चेंडू खेळात आणला) की चुकीचा माणूस चुकीच्या डावात अडकलाच.

मग २०१९ ची मोठी खरेदी. डेव्हिन बुश हवा म्हणून पिट्सबर्गने २० व्या क्रमांकावरून १० व्यावर उडी घेतली. त्यासाठी डेन्व्हरला त्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली ५२ वी निवड आणि २०२० ची तिसऱ्या फेरीतली निवड दिली. मिशिगनचा बुश उंचीला ५ फूट ११ इंच, ४० यार्ड ४.४३ सेकंदांत. हेतू उघड होता: दुसरा शेझिअर. पहिल्या वर्षी १०९ टॅकल झाले आणि बचावाने लीगमध्ये सर्वाधिक ३८ वेळा चेंडू हिसकावला, त्यामुळे प्रश्न सुटल्यासारखा वाटला. १८ ऑक्टोबर २०२० ला ब्राउन्सविरुद्ध बुशच्या गुडघ्याचं एसीएल (सांध्याला स्थिर ठेवणारा बंध) फाटलं. ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला रॉबर्ट स्पिलेन आत आला. टेनेसीच्या डेरिक हेन्रीला त्याने गोललाइनवर छातीवर छाती घेऊन जागीच थांबवलं, पुढच्या आठवड्यात लमार जॅक्सनचा पास पकडून टचडाउन केला. लोक खूश झाले. मग डिसेंबरमध्ये त्याचाही गुडघा दुखावला.

२०२१ वर थोडं थांबू, कारण खरं निदान तिथे आहे. त्या वर्षी पिट्सबर्गने सामन्यामागे १४६.१ यार्ड धावू दिले, लीगमध्ये ३२ पैकी ३२ वा क्रमांक. शिव्या खाल्ल्या बुशने, आणि जॅक्सनव्हिलकडून सहाव्या फेरीच्या निवडीच्या मोबदल्यात आणलेल्या जो शोबर्टने. पण त्यांच्या पुढे कोण होतं? रेषेवरचा स्टीफन ट्युइट अख्खा हंगाम खेळला नाही. नोज टॅकल टायसन अलुआलुचा घोटा दुसऱ्याच आठवड्यात मोडला. बक म्हणून वर्षानुवर्षं धडका घेणारा व्हिन्स विल्यम्स सराव शिबिर सुरू होण्याआधीच निवृत्त झालेला.

नोज टॅकलचं काम सेंटर आणि गार्ड दोघांना आपल्यावर गुंतवून ठेवणं. त्याने दोघांना धरलं तर मागचा लाइनबॅकर मोकळा. तो एकट्या सेंटरला सांभाळता आला, तर तीनशे पौंडांचा गार्ड खांद्याचा एक धक्का देऊन सुटतो आणि सरळ सव्वादोनशे पौंडांच्या लाइनबॅकरवर येतो. तिथे चपळाईचा उपयोग नसतो. जेम्स फॅरिअरने पिट्सबर्गमध्ये दहा हंगाम ही जागा सांभाळली तेव्हा त्याच्यापुढे जवळजवळ सगळा काळ केसी हॅम्प्टन होता. फॅरिअर उत्तम होताच, पण त्याच्यावर स्वच्छ ब्लॉक फार क्वचित यायचा.

९ डिसेंबर २०२१ चा मिनेसोटाचा सामना बघा. खांद्याच्या दुखापतीतून नुकताच परतलेला डॅल्विन कुक २०५ यार्ड धावला. त्यांची धाव आडवी पसरत जाणारी होती: पूर्ण रेषा एका बाजूला सरकते, धावणारा तिसऱ्या पावलापर्यंत वाट बघतो आणि जिथे फट दिसेल तिथे वळतो. लाइनबॅकरने यात धावणाऱ्याच्या आतल्या खांद्याच्या किंचित मागे राहायचं असतं. वेगवान लाइनबॅकर पुढे निघून जातो. तो पुढे गेला की त्याच्या पाठीमागची फट उघडते आणि कुक तिथूनच आत घुसतो. ज्या वेगासाठी दोन निवडी जास्तीच्या दिल्या, त्यानेच इथे घात केला. शिवाय एसीएलनंतरच्या पहिल्या वर्षी गुडघा गच्च रोवून दिशा बदलायचा भरवसा नसतो, म्हणून खेळाडू वळायचं टाळून वळसा घालतो. बुश वळसे घालत होता.

पुढचं झटपट सांगतो, कारण नावं बदलली तरी प्रकार तोच. २०२२ मध्ये शोबर्टला सोडलं आणि दोन वर्षांच्या करारावर कोण आलं? माइल्स जॅक. एका वर्षात तोही गेला, बुशही गेला. २०२३ मध्ये कोल होल्कम, इलँडन रॉबर्ट्स, क्वान अलेक्झांडर असे तिघे नवे आले. होल्कमचा गुडघा २ नोव्हेंबरला गेला, अलेक्झांडरचा टाचेचा स्नायुबंध १२ नोव्हेंबरला. दहा दिवसांत तिघांतला एक उरला, आणि निवृत्ती घेतलेल्या जॅकला परत बोलवावं लागलं.

२०२४ मध्ये पॅट्रिक क्वीनला तीन वर्षांसाठी ४ कोटी १० लाख डॉलर देऊन बाल्टिमोरहून आणलं, आणि तिसऱ्या फेरीत पेटन विल्सनला निवडलं. क्वीनची कहाणी बोलकी आहे. रेव्हन्सने त्याला २०२० मध्ये पहिल्या फेरीत मधल्या जागेसाठी घेतलं होतं आणि तिथे तो चाचपडत राहिला. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर शिकागोहून रोक्वान स्मिथ आला, त्याने बोलायचं आणि मांडणीचं काम घेतलं, आणि शेजारच्या जागेवर क्वीन खुलला. पिट्सबर्गने त्या खुललेल्या क्वीनचे पैसे मोजले आणि त्याच्या हेल्मेटला हिरवा ठिपका लावून पुन्हा ते जुनं ओझं दिलं. शेजारी रोक्वान स्मिथ मात्र नव्हता.

११ जानेवारी २०२५ ला प्लेऑफमध्ये पिट्सबर्ग बाल्टिमोरमध्ये खेळलं. रेव्हन्सने २८-१४ असा सामना जिंकला आणि २९९ यार्ड धावून काढले; त्यातले १८६ एकट्या डेरिक हेन्रीचे. त्या सामन्याचं चित्रण मिळालं तर क्वीनला शोधत बसू नका. पिट्सबर्गच्या रेषेवरचे तिघे स्नॅपनंतर कुठे सरकतात आणि रेव्हन्सचे गार्ड कुणावर जाऊन पोहोचतात, तेवढंच बघा.