काळी गाडी, अकराचं ऊन

(गल्ली. सकाळचे सात. झाडाखाली काळी गाडी.)

सावलीत कसली भारी दिसतेय बघा. सात वर्षांची हॅचबॅक, पण लांबून कोणीही म्हणेल आत्ताच शोरूममधून काढली. ताई मुलुंडहून पॉलिशवाल्या काकांकडे घेऊन आल्यात आणि हँडब्रेक ओढल्या ओढल्या त्यांनी विचारलं, "काका, सिरॅमिक करून टाकू का?" सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचा काचेसारखा टिकाऊ थर. काका चहा पीत होते. म्हणाले, "अकरा वाजू देत."

(तीच गाडी. अकराचं ऊन. बॉनेट अगदी जवळून.)

हे घ्या, वाजले अकरा. सूर्याच्या त्या गोल ठिपक्याभोवती जे जाळं दिसतंय ना, कोळ्याने विणल्यासारखं, त्याला गॅरेजवाले स्वर्ल मार्क म्हणतात. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना गेलेत, पण उजेड जिथे पडतो तिथे त्याच्याभोवतीचेच तेवढे चमकतात म्हणून ते गोल वाटतात. मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर फिरवा, जाळं टॉर्चबरोबर फिरतं. तुमच्या गाडीवर आज रात्री पार्किंगमध्ये करून बघा, आणि मग झोप लागते का ते पण बघा.

हे येतं कुठून तर फडक्यातून. सोसायटीत पहाटे जो पोरगा गाड्या पुसतो त्याच्याकडे एक बादली, एक फडकं आणि वीसेक गाड्या असतात, पहिली गाडी होईपर्यंत पाणी स्वच्छ असतं, पाचवीला ते चहासारखं होतं आणि त्यातली धूळ म्हणजे काय, मेट्रोच्या खोदकामाची, टॉवरच्या सिमेंटची, सगळी बारीक वाळूच. तीच फडक्यातून बॉनेटवर घासली जाते. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, महिन्याला त्याच्या हातात आपण काय ठेवतो ते प्रत्येकाने आपापलं आठवावं.

(गाळ्याच्या आत. मांडणीवर बाटल्या.)

हा काकांचा गाळा, कुर्ला पश्चिमेला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत. बाहेर रस्त्यावर सीट कव्हर, हॉर्न, मॅट, काचेची फिल्म, जे म्हणाल ते मिळतं. आत ही मांडणी. थ्रीएमचं कंपाऊंड, म्हणजे ओरखडे घासून काढायची पेस्ट, जर्मनीचं सोनॅक्स, जपानचा सॉफ्ट९९ चा डबा, टर्टल वॅक्स, मेग्वायर्स. या मेग्वायर्सची एक गंमत, १९०१ साली अमेरिकेत ही कंपनी सुरू झाली ती फर्निचरच्या पॉलिशवर, लाकूड चमकवता चमकवता गाड्यांकडे वळली, आणि २०११ पासून ती थ्रीएमकडेच आहे. म्हणजे मांडणीवर शेजारी शेजारी बसलेले हे दोन डबे एकाच घरातले.

गिऱ्हाईक येतं ते सरळ या मांडणीपुढे उभं राहतं आणि विचारतं, "यातलं चांगलं कोणतं?" काका म्हणतात, प्रश्नच उलटा आहे, आधी गाडी तर बघू द्या.

(प्लास्टिकच्या पिशवीत हात. हात दरवाजावरून फिरतो.)

हे मला फार आवडलं. साधी भाजीची पातळ पिशवी, त्यात हात घालायचा आणि नुकत्याच धुतलेल्या पत्र्यावरून हलकेच फिरवायचा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून बारीक रव्यासारखं लागतं. ताईंनी करून बघितलं, त्यांचा चेहरा बघा.

त्यांची सोसायटी सेंट्रल लाइनच्या रुळाला लागून आहे. लोकलची चाकं आणि रूळ, लोखंडावर लोखंड, त्यात ब्रेक, त्याची अगदी बारीक भुकटी उडते, गाडीवर बसते, रुतते आणि तिथेच गंजते. ती शाम्पूने निघत नाही. त्यासाठी हा फवारा.

(फवारा. काळ्या पत्र्यावर जांभळे ओघळ.)

हा शॉट आम्ही तीनदा घेतला, प्रत्येक वेळी वेगळ्या दरवाजावर. लोखंडाला लागला की फवारा जांभळा होतो. वास मात्र कुजक्या अंड्याचा, तो तुमच्यापर्यंत पोचत नाहीये हे तुमचं नशीब. ओघळ वाळायच्या आत पाण्याने धुवून टाकायचा, आणि जे उरलं ते या क्ले बारने. पोरांच्या खेळण्यातल्या मातीसारखी वडी, शाम्पूच्या पाण्यावर अलगद सरकवायची, दाबायची नाही. वडी मळकी झाली की घडी घालून नवी बाजू काढायची. आणि जमिनीवर पडली तर उचलायची नाही, सरळ फेकायची, कारण त्यात अडकलेली वाळू परत पत्र्यावर गेली की केलेलं सगळं पाण्यात. काकांच्या पोऱ्याकडून दुपारी एक वडी पडली. त्याने इकडे तिकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं आणि फेकली.

(छोटं मशीन. आकडे.)

हे मशीन रंगाची जाडी मोजतं, मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. गाडीचा कंपनीचा रंग सगळे थर धरून बहुतेक वेळा १०० ते १५० च्या मध्ये भरतो. तळाशी गंज धरू नये म्हणून एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक थर. तो जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. आपण ज्याला चमक म्हणतो ती या थराची, आणि ओरखडे पण यातच. उन्हापासून खालचा रंग वाचवायचं कामही याच्याकडे.

टप ११२. बॉनेट १०८. मागचा डावा दरवाजा, २७०.

(ताई. नुसता आवाज गल्लीतला.)

गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. ओरिजिनल पेंट म्हणून.

(जुना फोटो. काळी-पिवळी.)

काका या धंद्यात आले ते टॅक्सीवर. प्रीमियर पद्मिनी, जी वालचंद हिराचंदांच्या कंपनीने इथेच कुर्ल्यात बनवली, त्या गाडीच्या काळात क्लिअर कोट हा प्रकार तिच्यावर नव्हताच, रंग म्हणजे रंग, उघडा. महिनोन्महिने उन्हात राहिला की खडूसारखा फिका पडायचा, मग कंपाऊंड लावून घासायचं, फिका थर निघाला की आतून ताजा रंग यायचा. त्यामुळे फडकं रंगायचं. काका सांगतात, संध्याकाळी घरी गेलो की आई हाताकडे बघून ओळखायची आज टपावर काम केलं की खाली. टप पिवळा ना. कोणी रॉकेलचा हात मारायचं, बंपरच्या काळ्या भागाला खोबरेल तेल लागायचं, दोन दिवस मस्त दिसायचं आणि तिसऱ्या दिवशी सगळी धूळ त्याच तेलाला चिकटायची. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. काकांनी त्या दिवसाबद्दल काहीच सांगितलं नाही, आम्ही विचारलं होतं. हा फोटो तेवढा काढून दिला.

पण ती सवय अजून हातात आहे. नवी गाडी आली की दाराच्या आतल्या कडेला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्याने चिमूटभर पॉलिश घासतात. फडकं रंगलं तर उघडा रंग, पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. ताईंच्या गाडीला पांढरं राहिलं.

(बॉनेटवर मध्यभागी पिवळी टेप. मशीनचा आवाज.)

आता बाटली निवडायची वेळ. करपलेल्या पातेल्याला तारेची घासणी लागते आणि रोजच्या ताटाला स्पंज, तसंच आहे हे. कंपाऊंड म्हणजे तारेची घासणी, खोल ओरखड्यासाठी, तो क्लिअर कोट खाऊनच काम करतो. पॉलिश म्हणजे बारीक, कंपाऊंडने जो धुरकटपणा आणला तो काढून आरशासारखं करायचं. तिसरा प्रकार ग्लेझ, आणि इथेच लोक फसतात, तो ओरखडे काढत नाही, तेलाने भरतो, चारदा धुतली की जाळं परत हजर. म्हणून काका घासून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, तेल निघून जातं आणि खरं काय ते दिसतं.

नियम एकच, सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश आधी, तेही हातभर जागेवर. नाही भागलं तर मग एक पायरी वर. इथे एक पायरी वर जावं लागलं. मशीन डीए, म्हणजे पॅड स्वतःभोवती पण फिरतं आणि हेलकावत पण फिरतं, त्यामुळे एका जागी तापत नाही. टॅक्सीच्या काळातलं लोकरीच्या पॅडचं रोटरी मशीन कोपऱ्यात टांगलंय, ते क्लिअर कोटवर काढत नाहीत म्हणाले, मग म्हणाले "फारच गरज पडली तर."

(टेप निघते.)

...

(अर्धं बॉनेट, अर्धं बॉनेट.)

डावीकडे जाळं, उजवीकडे समोरच्या इमारतीवरचं वाळत घातलेलं गुलाबी टॉवेल सुद्धा दिसतंय. अजून यावर वॅक्सचा थेंबही लागलेला नाही, हे लक्षात घ्या.

जास्त घासलं की क्लिअर कोट संपतो, पांढरे पोपडे येतात, मग पॅनल रंगवण्याशिवाय इलाज नाही. असो.

(डबा उघडतो. बोटावर पिवळसर मेण.)

आता वरचं पांघरूण. हे कार्नोबा वॅक्स, ब्राझीलच्या ईशान्येकडे एक ताडासारखं झाड उगवतं, कडक उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून ते आपल्या पानांवर मेण धरतं. पानं तोडून वाळवतात, झोडतात, भुकटी पडते ती वितळवायची. वितळायला ८० अंशांच्या वर लागतं म्हणून मेणांमध्ये हे कडक. गोळ्या-चॉकलेटवर जो तुकतुकीत थर असतो त्यातही हेच वापरतात. काळ्या आणि गडद लाल गाडीवर याची चमक ओली दिसते, माझ्या डोळ्याला तरी दुसरं काही तसं दिसत नाही. टिकतं मात्र एक ते तीन महिने, आणि आपल्या पावसात महिन्याचाच हिशोब धरा. सीलंट म्हणजे कारखान्यातलं पॉलिमर, चार-सहा महिने जातं, चमक थोडी काचेसारखी, पांढऱ्या-चंदेरी गाडीला शोभते. वरळीला समुद्रासमोर उघड्यावर गाडी लावत असाल तर सीलंटच घ्या.

आणि सिरॅमिक. ते वाईट नाही, काका पण करतात, वर्षानुवर्षं टिकतं, घाण लवकर सुटते. पण बॉक्सवर जे ९एच लिहिलेलं असतं तो पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाचा आकडा आहे, हिऱ्या-माणकाचा नाही, हायवेवरचा दगड त्याला जुमानत नाही. आणि खाली जे जाळं असेल ते तसंच काचेखाली फोटो लावल्यासारखं बंद होतं. शिवाय टँकरचं नाहीतर बोअरचं जड पाणी त्यावर थेंब थेंब उभं राहतं, उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे गोल. ताईंच्या सोसायटीत गाड्यांना बोअरचंच पाणी आहे.

(ताई मांडणीपुढे. हात फिरतो, थांबतो.)

त्यांनी वॅक्सचा डबा घेतला. आणि चार मायक्रोफायबर फडकी, निळी, काकांनी लेबल कापून दिलं कारण लेबलची कडा पण ओरखडते. दोन स्वतःला, दोन त्या पुसणाऱ्या पोराला.

(मुलुंड. पहाटेचे सहा. पार्किंग.)

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पोराने पिशवीतून निळं फडकं काढलं, नीट चार घड्या घातल्या, अगदी काकांनी दाखवल्यासारख्या. मग बादलीत बुडवलं. ताईंची गाडी चौदावी होती.