सालोमे उरेन्या : एका बिरुदाआधीचे आयुष्य

श्रोतेहो, सालोमे उरेन्या यांची ओळख ‘डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी’ अशी करून दिली, तर ती खोटी ठरणार नाही. मात्र हे बिरुद त्यांनी स्वतः कधीच ऐकले नाही. त्यांचे पती फ्रान्सिस्को एन्रिकेझ इ कार्वाहाल १९१६ साली राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा सालोमे यांच्या निधनाला एकोणीस वर्षे उलटून गेली होती.

त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८५० रोजी देशाच्या राजधानीत, सांतो दोमिंगो येथे झाला. वडील निकोलास उरेन्या स्वतः कवी होते आणि मुलींसाठी उच्च शिक्षणाची सोय नसलेल्या त्या शहरात स्पॅनिश व फ्रेंच अभिजात साहित्याचे धडे तिला त्यांच्याकडूनच मिळाले. सतराव्या वर्षी ‘एर्मिनिया’ या टोपणनावाने तिच्या कविता छापून येऊ लागल्या. पुढे दुसरेच कोणी तेच नाव वापरू लागले, तेव्हा १८७४पासून त्यांनी स्वतःच्या नावाने लिहायला सुरुवात केली. आडोशामागून उघड्यावर येण्याचे कारण इतके व्यावहारिक असावे, याची मला गंमत वाटते.

त्या कवितांचा विषय होता देश. १८४४मध्ये स्वतंत्र झालेला, १८६१मध्ये पुन्हा स्पेनच्या हवाली झालेला, १८६५मध्ये त्यातून सुटलेला आणि नंतर आपसांतल्या बंडाळ्यांनी पोखरलेला हा देश विद्येच्या आणि श्रमाच्या बळावर उभा राहील, असे ही तरुणी खणखणीत शब्दांत सांगत होती, आणि लोक ते ऐकत होते. १८७८मध्ये लोकवर्गणीतून त्यांना पदक देण्यात आले. १८८०मध्ये त्यांचा संग्रह निघाला आणि त्याच वर्षी, आठ वर्षांनी लहान असलेल्या फ्रान्सिस्को यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोर्तो रिकोचे विचारवंत एउहेनियो मारिया दे ओस्तोस यांनी सांतो दोमिंगोत अध्यापक विद्यालय काढले होते. त्यांच्या शिक्षणविचाराने प्रेरित होऊन सालोमे यांनी ३ नोव्हेंबर १८८१ रोजी मुलींसाठी उच्च शिक्षणाची संस्था सुरू केली. कविता मागे पडली. १८८७मध्ये पहिल्या सहा शिक्षिका तयार होऊन बाहेर पडल्या, त्या प्रसंगी त्यांनी मातृभूमीला उद्देशून लिहिलेल्या कवितेत म्हटले आहे की मी इतका काळ गप्प होते, पण उदासीन नव्हते. दहा वर्षांपूर्वी जे कवितेत मागितले, तेच त्या आता वर्गात घडवत होत्या. म्हणून या मौनाला प्रतिभेची ओहोटी म्हणणाऱ्या समीक्षकांशी मी सहमत नाही.

याच वर्षी पती वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी पॅरिसला गेले आणि १८९१पर्यंत तिकडेच राहिले. शाळा आणि तीन लहान मुलगे यांचा भार एकट्या सालोमे यांच्यावर आला. क्षयाने प्रकृती खालावत गेली, १८९३मध्ये शाळा बंद करावी लागली, पुढच्या वर्षी मुलगी कामिला जन्मली. अखेरच्या काळात पूर्ण केलेल्या एका कवितेत आपला मुलगा पेद्रो याच्याविषयी त्या म्हणतात की तो सैनिक नाही, त्याला सीझर-अलेक्झांडरच्या विजयमाला नकोत. तो पुढे लॅटिन अमेरिकेतला थोर साहित्यमीमांसक झाला. ६ मार्च १८९७ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, सालोमे वारल्या. शाळा मात्र त्यांच्याच विद्यार्थिनींनी पुन्हा उघडली होती.

फ्रान्सिस्को यांचे राष्ट्राध्यक्षपद जेमतेम चार महिने टिकले. अमेरिकी सैन्य आधीच देशात उतरले होते. नोव्हेंबर १९१६मध्ये रीतसर लष्करी अंमल जाहीर झाला, राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला आणि तो अंमल १९२४पर्यंत राहिला. आज तिथल्या पाचशे पेसोंच्या नोटेवर सालोमे आणि पेद्रो, अशी मायलेकांची चित्रे आहेत; राष्ट्राध्यक्षांचे नाही.