तीन टाक्यांचे गणित

पडद्यावर दिसणारी ही नदी कागदोपत्री नंदिनी आहे. नाशिककर मात्र तिला नासर्डी म्हणतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूने, भर शहरातून वाहत ती टाकळीजवळ गोदावरीला मिळते. याच टाकळीला समर्थ रामदासांनी नदीच्या पाण्यात उभे राहून जप केला, असे परंपरा सांगते. आज तेथे पाण्यात पाय घालायलाही माणूस कचरतो. याचा दोष एकट्या कारखान्यांचा नाही, शहराचे सांडपाणीही त्यात आहे. परंतु कारखान्यांच्या वाट्याला जो भाग येतो, त्यावरचा उपाय विज्ञानाने केव्हाच सांगून ठेवला आहे आणि तो वाटतो तेवढा खर्चिक नाही.

सुट्या भागांवर क्रोमचा मुलामा चढवणारा एखादा लहान प्लेटिंगचा कारखाना घेऊ. मुलाम्याच्या टाकीतून जिग, म्हणजे सुटे भाग अडकवलेली चौकट, वर आला की त्याला चिकटलेले द्रावण धुवावे लागते. असे 1 लिटर द्रावण 1000 पट पातळ करायचे असेल, तर एकाच टाकीत धुताना सुमारे 1000 लिटर पाणी खर्ची पडते. तेच काम दोन टाक्यांत केले, ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडले आणि तेथून ते मालाच्या उलट दिशेने आधीच्या टाकीत ओघळू दिले, तर साधारण 32 लिटर पुरतात. तीन टाक्या असतील तर 10. प्रत्यक्षात थोडे अधिक लागते, हे खरे. पण यासाठी हवे काय, तर जास्तीच्या टाक्या, त्यांना जोडणारा पाइप आणि अर्थात जागा. लहान गाळ्यात नेमकी तीच नसते.

त्याहून सोपा उपाय म्हणजे जिग मुलाम्याच्या टाकीवरच काही सेकंद निथळू देणे. जो थेंब टाकीत परत पडतो, तो विकत घेतलेल्या रसायनाचा असतो. मजुरी नगावर ठरत असेल, तर कामगार नेमके तेच सेकंद वाचवणार, आणि त्याबद्दल त्याला बोल लावणे कठीण आहे.

धुवणाच्या पाण्यातील हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप, कर्करोगकारक असून नुसत्या चुन्याने ते खाली बसत नाही. म्हणून आधी आम्ल घालून पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) 2 ते 3 वर आणतात आणि सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळतात. आता या बादलीकडे पाहा: पिवळे पाणी हळूहळू हिरवट होत आहे, म्हणजे क्रोमियमचे रूप बदलले आहे. त्यानंतर चुन्याने पीएच 8 ते 9 वर नेला की हिरवा साका तळाशी बसू लागतो. हा क्रम उलटा केला, तर चुनाही वाया जातो आणि विषही पाण्यातच राहते.

साका फिल्टर प्रेसमध्ये दाबून निघालेल्या या वड्या पोत्यांत भरल्या जातात. पोत्यांवर घातक कचऱ्याची चिठ्ठी लागते आणि त्यांची रवानगी होते ती सुरक्षित भरावभूमीकडे, नाल्याकडे नव्हे.