लांबची वाट, कमी वेळ

पहाटेचे पाच वाजून गेलेत. सांताक्रूझच्या वेधशाळेत फुगा भरायचं काम चालू आहे. आत हायड्रोजन, त्यामुळे आसपास ठिणगीसुद्धा चालत नाही. फुगा पुरेसा फुगला की तोंड दोऱ्यानं घट्ट आवळायचं आणि खाली हा पांढरा, हलका डबा बांधायचा. हा रेडिओसाँड. तापमान, आर्द्रता मोजत तो वर जातो आणि आपण कुठे आहोत ते सतत खाली कळवत राहतो. वारा नेईल तसा फुगा सरकतो. त्या सरकण्यावरूनच कुठल्या उंचीवर वारा किती नि कुठून, ते कळतं.

सुटला!

तीसेक किलोमीटर उंचीवर जाऊन तो फुटेल. जगभरात शेकडो ठिकाणी याच सुमाराला असे फुगे वर जातात, दिवसातून दोनदा. पाऊस असो, दिवाळी असो, ही माणसं ड्युटीवर असतात.

आता हे विमान बघा. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडिया ते अटलांटिकवरून न्यायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मधल्या एका रविवारी पहाटे मात्र तेच बोइंग ७७७ पूर्वेला निघालं, पॅसिफिक ओलांडून. अंतर १५,३०० किलोमीटर. तब्बल १,४०० किलोमीटर जास्त! आणि वेळ साडेचौदा तास, म्हणजे जवळजवळ दोन तास कमी. वाटेत वाररेषा ओलांडल्यामुळे तिकडे उतरलं तेव्हाही रविवारची पहाटच होती.

ही किमया जेट स्ट्रीमची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा पट्टा. लांब पल्ल्याची विमानं उडतात तीही याच उंचीवर. कंपनीनं तेव्हा सांगितलेला हिशेब असा: अटलांटिकवर ताशी २४ किलोमीटरचा वारा समोरून, पॅसिफिकवर १३८ चा पाठीमागून. ताशी ८०० नं जाणारं विमान एका वाटेनं ७७६ नं सरकतं, दुसरीनं ९३८ नं. परतीला अटलांटिक, म्हणजे पुन्हा पूर्वेलाच. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी!

इंधन वाचतं, प्रवाशांचे तास वाचतात, ते आहेच.

पण हा वारा सापडला तोही फुग्यामुळे. १९२० च्या दशकात जपानमधल्या तातेनोच्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी फुगे सोडायचे आणि थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावून त्यांचा माग काढायचे. एवढी मोलाची नोंद त्यांनी १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापली. बाहेर ती फारशी कुणी वाचलीच नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं टोकियोवर आली, तेव्हा तोच वारा त्यांना आडवा आला.

आज उड्डाणाआधी वैमानिकाच्या हातात फ्लाइट प्लॅन पडतो. त्यात वाटेतल्या एकेका टप्प्यावरचा वारा लिहिलेला असतो. उपग्रहांच्या आणि विमानांच्या नोंदींबरोबर फुग्यांच्या नोंदीही त्यामागे असतात. वारा रोज बदलतो, त्यामुळे लांबच्या विमानाची आजची वाट कालचीच असेल असं नाही.