कॉपी सापडते, बदललेली कॉपी सापडत नाही

डुप्लिकेट कोड म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, दोन फाइल घ्या, ओळीला ओळ लावून बघा, झालं काम. पण डुप्लिकेटचे चार प्रकार धरतात. जशीच्या तशी कॉपी म्हणजे टाइप वन, ती शोधायला काहीच लागत नाही, कॉमेंट आणि मोकळ्या जागा काढल्या की उरलेलं सगळं जुळतं. टाइप टू मध्ये व्हेरिएबलची नावं बदललेली असतात, मग कोडचे टोकन, म्हणजे नावं, चिन्हं, आकडे असे सुटे तुकडे, करायचे आणि प्रत्येक नावाच्या जागी एकच खूण टाकायची. पण असं सरसकट केलं की एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या ओळी पण सारख्या दिसायला लागतात. बेल लॅब्स या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या ब्रेंडा बेकर यांनी १९९० च्या दशकात यावर भारी युक्ती काढली, नाव लिहायचंच नाही, तेच नाव मागे किती टोकन आधी आलं होतं ते अंतर लिहायचं, पहिल्यांदाच आलं असेल तर शून्य. म्हणजे नावं सगळीकडे एकसारखी बदलली असतील तरच दोन तुकडे जुळणार. मला तर ही आयडिया आजही फार आवडते.

खरा घोळ टाइप थ्री मध्ये. कोणीतरी कॉपी केलं, मध्ये दोन ओळी घातल्या, एक काढली. त्यात नावं बदलताना पण एखादं राहून जातं. समजा रुंदी तपासणारा ब्लॉक उचलून उंचीसाठी चिकटवला, पाच ठिकाणी रुंदीचं उंची केलं आणि सहावं राहून गेलं. कोडचं भाषांतर करणारा कंपायलर गप्प बसतो कारण दोन्ही नावं वैध आहेत, टेस्ट पण बहुतेक पास होते कारण टेस्टमधलं चित्र चौरस असतं! २००४ मध्ये सीपी-मायनर नावाचं टूल आलं, त्यात हाच विचार होता की नाव कुठेच बदललं नसेल तर ते मुद्दाम ठेवलेलं असणार, सगळीकडे बदललं असेल तरी ठीक, पण बहुतेक ठिकाणी बदललंय आणि एखाद्या ठिकाणी नाही, तर तिथे संशय घ्या. लिनक्स आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये ते बनवणाऱ्यांना असे खरे बग मिळाले.

टाइप फोर म्हणजे काम तेच पण लिहिलंय पूर्ण वेगळं. दोन प्रोग्राम एकच काम करतात का हे सगळ्या प्रोग्रामसाठी ठरवणारा अल्गोरिदम असूच शकत नाही, त्यामुळे तिथे अंदाजावरच चालतं.

आता टीममध्ये काय होतं, टूल लावलं, थ्रेशोल्ड, म्हणजे किती कोड सारखा असला की डुप्लिकेट म्हणायचं ती मर्यादा, एकदम कमी ठेवला, इम्पोर्टच्या ओळी आणि जनरेट केलेल्या फाइल पण रिपोर्टमध्ये आल्या, शेकडो वॉर्निंग बघून सगळ्यांनी ते बंद केलं. किंवा उलटं, मॅनेजर म्हणतो डुप्लिकेशनचा टक्का खाली आणा, आणि मग लोक दोन असंबंधित फंक्शन जबरदस्तीने एकत्र करतात, कधी कसं वागायचं ते सांगणारे पाच फ्लॅग असलेलं एक राक्षसी फंक्शन तयार होतं. मला विचाराल तर त्यापेक्षा दोन कॉप्या बऱ्या. नवीन हार्डवेअरचा ड्रायव्हर जुन्यावरून कॉपी करून लिहिणं ह्यात गैर काहीच नाही, चालू असलेल्या जुन्या ड्रायव्हरला हात तरी लागत नाही.

म्हणून रिपोर्टपेक्षा हे टूल कोड रिव्ह्यूला, म्हणजे बदल घेण्याआधी दुसऱ्याने तो तपासण्याच्या पायरीला, जोडा. कोणी एका कॉपीत बग फिक्स केला की त्याच क्षणी बाकीच्या कॉप्या कुठे आहेत ते रिव्ह्यू करणाऱ्याला दिसू दे, मग त्या बदलायच्या की नाही ते तो ठरवेल.